नवमीचे ठिपके

जुन्या पान्यांचा नाद मला लागला, असं कॉलनीतले लोक म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही. रिटायर माणसाला काहीतरी नाद असावा, असं त्यांना वाटतं, आणि कबाड्याकडून गंजलेलं लोखंड पोत्याने घरी आणणाऱ्याला समजावण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. खरं सांगायचं तर मी एकच पाना शोधत होतो. बाकीचे त्या शोधात गोळा झाले.

तो पाना बाबांचा. बाबा स्टील प्लांटमध्ये फिटर होते. भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून भिलाईला आले, नोकरीला लागले, आणि त्याच वर्षी एका रशियन साहेबाने मायदेशी परतताना त्यांना हा हातभर लांबीचा पाना दिला. प्लांटमध्ये सगळे विश्वकर्मा पूजा करायचे. बाबाही तिथे प्रसाद खायचे. पण आमच्या घरची हत्यारं पुजली जायची ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. पाटावर पाने, कानशी, हातोड्या मांडायच्या. मग बाबा पंच लावून रशियन पान्याच्या दांड्यावर हातोडीने एक ठिपका मारायचे. वर्षाला एक. आई त्या ठिपक्यात आगकाडीने कुंकू भरायची. बाबांचा हात किंचित डावीकडे झुकायचा, म्हणून ठिपका गोल न पडता एका अंगाला ओढल्यासारखा पडायचा.

रिटायर झाल्यानंतरच्या एका नवमीला ठिपक्यांची रांग दांड्याच्या टोकाला भिडली. "जागा सरली," बाबा म्हणाले. "पुढच्या सालापासून मागच्या अंगानं मारू." त्यानंतर महिनाभरातच एका सकाळी ते पिशवीत तो पाना टाकून निघाले. जवळच्या कुरुद गावात कुणाचा तरी पंप बंद पडला होता. तिथे ते पोचलेच नाहीत.

पोलीस झाले, दवाखाने झाले, गाव झालं, दुर्ग स्टेशनावर फोटो चिकटवून झाले. नातेवाइकांनी आधी धीर दिला, मग क्रियाकर्म उरकून घ्या म्हणून कानाशी लागले. आईने ऐकलं नाही. ती कपाळाला कुंकू लावत राहिली. नवमीला बाबा ड्यूटीवरून उशिरा यायचे, म्हणून त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायची तिची जुनी सवय होती. तीही चालू राहिली. आता भिलाईतल्याच जुनवानीच्या घरात आम्ही दोघंच असतो, पण त्या दिवशी तीन ताटं. मला ते झाकलेलं ताट बघवायचं नाही. माणूस मेला की जिवंत आहे, एवढं एकदा कळावं, म्हणजे हिचं हे वाट बघणं तरी सुटेल, एवढंच मला हवं होतं. माणूस सापडेना, म्हणून मी लोखंड शोधायला लागलो.

शोधता शोधता वय ओळखायला शिकलो. रशियन पान्यावर बऱ्याचदा किंमतच ठोकलेली असते, आणि पंचकोनी शिक्का दिसला तर तो साठच्या दशकाच्या अखेरीनंतरचा. इंची मापाचे पाने आणखी जुन्या मशिनींसोबत आलेले. जालंधरचा देशी माल हातात घेतला की कळतो. पण कारखान्याने ठोकलेलं वय हे अर्धंच. उरलेलं वापरणाऱ्याने घडवलेलं असतं. कुणी आपला हजेरीचा टोकन नंबर पंच केलेला, कुणी जबडा कानशीने वाढवलेला, कुणाच्या अंगठ्याने दांडा एका जागी गुळगुळीत झालेला. ही सगळी मेलेल्या माणसांची हत्यारं. पोरांना ती ओळखता येत नाहीत, मग बायका रद्दीबरोबर देऊन टाकतात.

गेल्या पावसाळ्यात भिलाईलगतच्या जामुलच्या कबाड्याकडे पोतं उलटं केलं आणि तो पाना घरंगळत पायाशी आला. पुसायचीही गरज पडली नाही. दांड्यावर ओढल्यासारख्या ठिपक्यांची भरलेली रांग होती. मी तिथेच तेलकट मातीत बसलो. मग पाना पालथा केला.

मागच्या अंगालाही ठिपके होते. सगळे डावीकडे झुकलेले. सहा.

पाना जिथून आला, ती खोली कबाड्याने दाखवली. सिमेंट कारखान्याच्या रस्त्याला, बस थांबते तिथून हाकेच्या अंतरावर. खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे. मालक म्हणाला, "मराठी मिस्त्री थे. अकेले रहते थे, पंप बनाते थे. घर का पूछो तो उठ के चले जाते थे. दशहरे के एक दिन पहले औजार पूजते थे, हमको हँसी आती थी." एका उन्हाळ्यात ताप आला आणि गेले. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून जाळलं. त्यांची पेटी इतकी वर्षं मागच्या शेडमध्ये पडून होती. शेड पाडायची म्हणून आता कबाडात दिली.

मला रडू आलं नाही. मला राग आला. मेला असता तर एकदाच मेला असता हा माणूस. हा बसच्या अंतरावर बसून लोकांचे पंप दुरुस्त करत होता, नवमी पाळत होता, आणि इकडे ती ताट झाकून ठेवत होती. का गेला, तेही कळलं नाही. भांडण नव्हतं, बाई नव्हती, दारू नव्हती. निदान आम्हाला ठाऊक नव्हती. आणि आता विचारायचं तरी कुणाला?

आईला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. तिला मरण सांगायची माझी तयारी होती. ही सहा वर्षं सांगायची नव्हती. पाना इतर लोखंडाच्या पोत्यात तळाशी घातला आणि पोतं गच्चीच्या जिन्याखाली ढकललं. इतक्या पान्यांत एक काय सापडणार, असं वाटलं. नवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पुजलं जातं, हे ज्या घरात वाढलो त्याच घरात मी विसरलो.

नवमीला सकाळी झेंडूची फुलं घेऊन परतलो, तर आई ओट्यावर बसली होती. पोतं रिकामं, शेजारी रॉकेलची वाटी, सगळी हत्यारं धुऊन चादरीवर मांडलेली. तिला आता कमी दिसतं, पण बोटांना दिसतं. रशियन पाना तिच्या मांडीवर पालथा होता.

"हे माह्या हातचे नाहीत," ती म्हणाली. बोट मागच्या ठिपक्यांवर होतं. "यात कुकू मी नाही भरलं."

मी फुलं खाली ठेवली.

"कुठं होते?"

"जामुलले. आता नाहीत, माय."

ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. "जामुलची बस तं आपल्या कोपऱ्यावरून जाते," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यायले नवमी आठवली. आमी नाही आठवलो."

मला वाटलं ती आता कोसळेल. मी जवळ बसलो. तिने माझा हात बाजूला केला आणि कुंकवाची वाटी ओढली. एकेका हत्याराला ती कुंकू लावत गेली. कुणाच्या कोण माणसांच्या कानशी, पकडी, हातोड्या, नंबर पुसलेले पाने, सगळ्यांना. आमचा पाना तिने उचलून चादरीच्या बाहेर, फरशीवर ठेवला.

"पंच आणू का?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"कावून? आता कायले पाहिजे?" ती म्हणाली.

नंतर ती स्वयंपाकघरात गेली. भात, वरण, पुरी, सगळं नेहमीचं केलं होतं. मला हाक मारली तेव्हा मी आत गेलो. दोनच ताटं वाढली होती.