तिसऱ्या केंद्रातला प्रश्न

धाकट्या भावाची, सुधीरची, दारू सुटावी म्हणून त्या आठवड्यात त्याला घेऊन मी तीन व्यसनमुक्ती केंद्रं पाहिली. पहिल्या दोन्ही ठिकाणी माणसं माझ्याशीच बोलली. "ताई, हे किती वर्षं पितात? घरी त्रास देतात का?" मी उत्तरं देत होते आणि सुधीर शेजारी बसून भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होता.

तिसरं केंद्र मिरजेबाहेर, एका बैठ्या घरात होतं. ओसरीवर चार-पाच जण मटार सोलत बसले होते. तिथल्या समुपदेशकांनी आपली खुर्ची सुधीरसमोर ओढली आणि त्यालाच विचारलं, "तुम्हाला इथं राहावंसं वाटतंय का?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरात त्याच्याबद्दल आम्ही रोज बोलायचो, पण त्याला काही विचारल्याला वर्षं लोटली होती. माणूस व्यसनात बुडाला की त्याच्या वाटचं बोलणंही आपण किती सहज आपल्याकडे घेतो.

सुधीरनं ओसरीवर मटार सोलणाऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माहीत नाही. भीती वाटते."

"कशाची वाटते, ते सांगा."

तो हळूहळू सांगू लागला. मी उठून अंगणात आले. माझ्यासमोर त्याला ते सगळं सांगता आलं नसतं.