शेळक्यांचे दोन रिपोर्ट

"मॅडम, ही पार्टी म्हणजे कोणती? निवडणुकीची का?"

रावसाहेब शेळके कॉम्प्युटरकडे बोट दाखवून मला विचारत होते. स्क्रीनवर प्रश्न होता : पार्टीत गेल्यावर तुम्ही अनोळखी लोकांशी स्वतःहून बोलता का?

"लग्नकार्य समजा," मी म्हणाले.

"लग्नात अनोळखी कुठं असतंय कुणी? सगळे पाव्हणेच."

त्यांनी बराच विचार केला आणि 'नाही'वर क्लिक केलं. असे ऐंशी प्रश्न होते.

मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एचआर बघते. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनवतो. एचआर म्हणजे माणसं घ्यायची, त्यांच्या रजा बघायच्या, भांडणं मिटवायची. हल्ली त्यात सायकोमेट्रिक टेस्टची भर पडली आहे. ही स्वभावाची चाचणी. यात कुणी पास-नापास होत नाही. उत्तरांवरून कॉम्प्युटर तुमचा 'टाइप' ठरवतो आणि दोन पानी रिपोर्ट देतो. तुम्ही माणसांत रमता की एकटे, घाईनं ठरवता की थांबून, असं सगळं त्यात असतं.

पुण्याच्या हेड ऑफिसनं नवा नियम काढला होता. या रिपोर्टशिवाय कुणालाही मॅनेजर करायचं नाही. आमच्याकडे प्रॉडक्शन मॅनेजरची जागा रिकामी होती, आणि आमचे प्लांट हेड पाठक सर आणि मी, दोघांच्याही मनात एकच नाव होतं. शेळके. मूळचे देवगाव रंगारीचे, घरची शेती. हेल्पर म्हणून लागले आणि शिफ्ट इनचार्जपर्यंत आले. मागच्या वर्षी कँटीनच्या जेवणावरून माणसं काम सोडून गेटवर बसली होती. पाठक सरांचं कुणी ऐकेना. शेळके त्यांच्यात जाऊन मांडी घालून बसले. तासाभरानं सगळे उठून आत आले. काय बोलले ते आजही मला माहीत नाही.

त्यामुळे टेस्ट म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी होती. रिपोर्ट आला आणि मी तो दोनदा वाचला.

'ही व्यक्ती एकांतात रमते. सतत माणसांत राहावं लागल्यास थकते, पण तसं दाखवत नाही. मोठा गट सांभाळण्याच्या पदासाठी शिफारस नाही.'

"कुणाचा आहे हा?" पाठक सरांनी विचारलं.

"शेळक्यांचा."

"दुसऱ्याचं प्रिंट काढलंत का चुकून?"

मलाही तेच वाटलं होतं. नाव, एम्प्लॉयी नंबर, सगळं तपासलं. बरोबर होतं.

"मग टेस्टच फालतू आहे," सर म्हणाले. "परत घ्या. पुण्याला शुक्रवारी पाठवायचंय."

मला कारणही लगेच सापडलं. प्रश्न इंग्रजीवरून केलेल्या अवघड मराठीत होते. 'मोकळ्या वेळेत तुम्ही काय करणं पसंत करता?' याला शेळके म्हणाले होते, "रविवारी लाईट असली तर शेतात मोटर चालू करायला जातो." हा पर्याय यादीत नव्हता. म्हणून मी सगळे प्रश्न आपल्या साध्या बोलीत लिहून काढले. पार्टीच्या जागी हळदीचा कार्यक्रम घातला, टीमच्या जागी लाइनवरची माणसं. औरंगपुऱ्यातल्या ओळखीच्या टायपिंगवाल्याकडून नीट टाइप करून घेतले. शेळक्यांना केबिनमध्ये बसवलं, एकेक प्रश्न मी वाचला, ते सांगतील ते उत्तर कॉम्प्युटरमध्ये भरलं.

या वेळचा रिपोर्ट असा होता : 'माणसं जोडणारी व्यक्ती. गर्दीत खुलते. नेतृत्वासाठी अत्यंत योग्य.'

सर खूश झाले. मीही. दोन्ही रिपोर्टची एकेक कॉपी शेळक्यांना दिली, कारण ज्याचा रिपोर्ट त्याला द्यायचा असा नियमच आहे. मेल लिहून ठेवला.

गुरुवारी जेवणानंतर शेळके केबिनच्या दारात उभे. हातात दोन्ही कागद.

"मॅडम, दुसरा पाठवू नका."

"का? किती छान आलाय."

"छान आलाय, व्हय. पण तो माझा नाय."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते खुर्चीच्या कडेला बसले.

"तुम्ही वाचत होत्या ना, तवा मी बरोबर बोललो की तुमची मान हलायची. चुकलो की पेन टेबलावर आपटायचा, टक टक. मग मी तुमच्याकडं बघून उत्तरं दिली. नाराज कशाला करायचं माणसाला?"

मी अशी मान हलवली होती? मला आठवतच नव्हतं.

"मग पहिला रिपोर्ट?"

"तो मी घरी वाचून दाखवला. बायको म्हणली, हे कुणी लिवलं? पंधरा वर्षं झाली मी हेच सांगते तुम्हाला."

"अहो, पण गेटवर तुम्ही..."

"गेटवर बोललो. दुसरं कोण बोलणार होतं? पण त्यानंतर दोन दिवस गच्चीवर एकटा बसून होतो मी. पोरांशी पण बोललो नाय. डोकं लई दुखायचं." त्यांनी हातातले कागद सरळ केले. "मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट हाय. माणसं आपल्याला मानतात आणि आपल्याला त्यांचा आवाज नको होतो. तुमच्या कागदावर त्याला टाइप म्हणलंय. म्हणजे असं असतंय लोकांचं."

आता माझा गोंधळ वाढला. इतकी वर्षं मी या माणसाला रोज बघत होते. माझे डोळे खरे, का ऐंशी प्रश्न खरे? शिवाय मला दुसरीही शंका होती. छापील कागदावर आपल्या नावाखाली काहीही लिहिलं, तर माणसाला ते आपलंच वाटू लागतं. भविष्य वाचताना होतं तसं. शेळक्यांचं तेच झालं असेल तर? एका कागदापायी ते मॅनेजर व्हायचं सोडणार होते.

मग मी एक उद्योग केला. ड्रॉवरमध्ये माझाच रिपोर्ट पडून होता. ट्रेनिंगच्या वेळी मला ही टेस्ट द्यावी लागली होती, आणि निकाल साफ चुकलाय म्हणून मी तो आत टाकला होता. नावाचा भाग दुमडून मी तो शेळक्यांपुढे ठेवला.

"हा वाचा. हा पण तुम्हाला लागू पडतो का सांगा."

त्यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. 'दुसऱ्यांचं भलं व्हावं अशी या व्यक्तीची मनापासून इच्छा असते. मात्र ते भलं कशात आहे हे ती समोरच्याला न विचारता ठरवते.'

"हा मी नाय," ते म्हणाले. मग जरा कचरत, "मॅडम, राग नका मानू. हा तुमचा हाय का?"

मी कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला.

"तुम्हाला काय हवंय, शेळके?" मी विचारलं. हा प्रश्न मी त्यांना त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच विचारत होते.

"क्वालिटीत टाका मला. तिथं मापाचं गेज असतंय, पार्ट असतोय. माप बसतंय नाहीतर नाय बसत."

मी मेल बदलला. दोन्ही रिपोर्ट जोडले, दुसरा कसा घेतला गेला ते लिहिलं, आणि शेळक्यांचा बदलीचा अर्ज लावला. पाठक सर भडकले.

"तुम्हाला त्यांना प्रमोशन द्यायचं होतं ना?"

"त्यांना नकोय, सर."

"संध्याकाळपर्यंत मी समजावतो त्यांना."

"मी दोन आठवडे तेच करत होते, सर. न विचारता."

सरांनी अर्ज पुढे ओढून परत एकदा वाचला. मग सही केली.

बाहेरून मॅनेजर आणला. पहिले काही महिने लाइनवर रोज कुरबुर होती आणि सर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. शेळके क्वालिटीच्या खोलीत गेले. तिथंही लाइनवरची माणसं त्यांना शोधत येतात. फक्त आता ती एकेक करून येतात, आणि शेळके हातातलं गेज खाली ठेवून नीट ऐकतात. परवा त्या खोलीतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. डोकावले, तर शेळकेच.

मग ते माणसांत रमणारे का एकटे? पाठक सर अजून विचारतात, पहिला रिपोर्ट खरा का दुसरा. मला माहीत नाही. टेस्टनं त्यांना बरोबर ओळखलं, का बरेच दिवस मनात असलेली गोष्ट बोलायला त्यांना एक कागद मिळाला, तेही मला सांगता येत नाही. शेळके म्हणतात डोकं दुखायचं थांबलंय.

कामाच्या पद्धतीत मात्र दोन बदल केले. टेस्ट सुरू झाली की मी खोलीबाहेर जाऊन बसते. आणि रिपोर्ट आला की आधी त्या माणसाच्या हातात देऊन विचारते, यात काय चुकलंय? पुण्याला मेल त्यानंतर.