साहेबांचा रहिवासी दाखला

निवडणुका नाशिक जिल्ह्यात पुष्कळांनी हरल्या असतील, पण मुद्देसूद हरावं ते आमच्या वकीलसाहेबांनीच. कोर्टाच्या आवारात मी सोळा वर्षं त्यांचं टायपिंग केलं. त्यात जिल्हा परिषदेच्या तीन निवडणुकांची पत्रकंही आली. तिन्ही वेळा साहेब पडले आणि तिन्ही वेळा निकालाच्या दुसऱ्या दिवशी ठीक साडेदहाला, इस्त्रीच्या काळ्या कोटात, "हं बाई, घ्या लिहून," म्हणत हजर झाले. पडलेल्या माणसानं चार दिवस तरी तोंड लपवावं असा आपल्याकडचा रिवाज आहे. तो साहेबांना कुणी सांगितलाच नव्हता.

साहेब मूळचे केरळचे. तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यात कारकून म्हणून आले, संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन वकील झाले आणि शहराबाहेर, फुलं-भाजीपाला पिकवणाऱ्या एका गावात चार गुंठे जागा घेऊन तिथंच घर बांधून राहिले. मराठी ते शिकले ती दाव्याच्या कागदांवरून. त्यामुळे बाजारात भाजीवालीलाही "सदर मेथी आजची आहे काय?" असं विचारायचे. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढं त्यांनाही सवय झाली. "सदर मेथी आजचीच हाय साहेब, पर सदर वांगी नका घेऊ, कालची हायेत," असं खरं उत्तर फक्त साहेबांनाच मिळायचं.

"तुम्ही कुठले?" हा प्रश्न आपण चहा विचारावा तितक्या सहज विचारतो. साहेबांना मात्र तो आरोप वाटायचा, आणि आरोप झाला की पुरावा सादर करायचा हा त्यांचा धर्म. त्यांच्या बॅगेत एक प्लॅस्टिकची पिशवी कायम असे. तिच्यात रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादीचा उतारा आणि सगळ्यांत वर तहसीलदारांच्या सहीचा, लॅमिनेट केलेला रहिवासी दाखला. एकदा गावात लग्नाच्या पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्यानं नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "पाव्हनं कुठलं म्हनायचं?" साहेबांनी हात धुतले, बॅग उघडली आणि पत्रावळीशेजारी एकेक कागद मांडायला सुरुवात केली. वाढप्याचं लक्ष कागदांत गेलं आणि वरण घरपट्टीच्या पावतीवर. म्हातारा इतका घाबरला की त्यानं जिलबी न घेताच हात धुतला.

निवडणूक लढवायची तीही त्याचसाठी. सत्तेची हौस नव्हती, लाल दिव्याची तर नव्हतीच. या लोकांनी एकदा, एकदाच, शिक्का मारून सांगावं की हा माणूस आमचा आहे, एवढंच त्यांना हवं होतं. हे ते कधी बोलले नाहीत. पण सोळा वर्षं माणसाचे शब्द टाइप केले की न बोललेलेही कळायला लागतात.

पहिल्या निवडणुकीत त्यांना त्यांच्या भाषणांनी पाडलं. "आता आपण विरोधी उमेदवाराची बाजू पाहू," म्हणून ते ती इतकी प्रामाणिकपणे मांडत की श्रोत्यांना पटूनच जाई. त्यांच्या पत्रकातली आश्वासनंही "निधी उपलब्ध झाल्यास" या अटीवर असत. दुसऱ्या वेळी भाषणं सुधारली, तर समोरच्यांनी एकच वाक्य गावोगाव फिरवलं, "माणूस चांगला, पण बाहेरचा." त्या वाक्याला साहेबांकडे पिशवीभर उत्तर होतं, पण पिशवी कितीजणांना दाखवणार?

तिसऱ्या वेळी मात्र रंग वेगळा होता. कालव्याच्या पाण्याची केस साहेबांनी फुलवाल्यांना फुकट लढून जिंकून दिली होती. जिल्हा परिषदेचा आमचा आख्खा गट त्यांचं नाव घेत होता. विरोधात एक मोठा बागाईतदार आणि ऐनवेळी उभी राहिलेली हौसाबाई. ही हौसाबाई झेंडू पिकवायची, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघ. फुलवाल्यांची आणि बायकांची मतं तिच्यात आणि साहेबांत फुटणार, हे उघड होतं. ती नसती तर साहेब निवडून आल्यातच जमा होते.

अर्जांच्या छाननीला मी फायली घेऊन साहेबांच्या मागं उभी होते. बागाईतदाराच्या वकिलानं हरकत घेतली. अर्जावर नाव हौसाबाई आणि मतदार यादीत यशोदा. म्हणजे ही बाई ती नव्हेच, अर्ज बाद करा.

"अवो, मीच ती!" हौसाबाई कळवळून म्हणाली. "लग्नात यशोदा ठेवलं, पर त्या नावानं कुणी हाकच मारली नाय कधी!"

तिच्याबरोबर वकील नव्हता. अधिकाऱ्यानं पेन उचललं. मी मनात म्हणत होते, साहेब, दोन मिनिटं फक्त गप्प बसा. देवा, यांची वाचा जाऊ दे. आणि साहेब कोटाची बटणं लावत उभे राहिले.

"सदर प्रदेशाची रूढी विचारात घ्यावी," ते म्हणाले. "लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं वधूचं नवं नाव लिहितात. ते यादीत जातं, जुनं तोंडात राहतं. मी साक्षीदार देतो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, माहेरचं नाव?"

"मंदाकिनी," मी दात ओठ खाऊन म्हणाले.

"आणि यादीत?"

"वैशाली."

मग त्यांनी तिथल्या कारकून बाईंना विचारलं. त्याही दोन नावांच्या निघाल्या. चहा घेऊन आलेल्या मावशींना तर सासरचं नाव आठवायला जरा वेळ लागला. शेवटी अधिकाऱ्यालाच हसू आलं. "आमच्या मिसेसचंही बदललेलं आहे," म्हणत त्यानं कागद पाहिले, नवऱ्याचं नाव आणि घर क्रमांक जुळवून घेतला आणि अर्ज मंजूर केला. आमच्याच रूढी आम्हाला समजावून सांगायला केरळचा माणूस लागला, आणि त्या खोलीत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाहेर येऊन मी खूप भांडले. "गप्प बसला असता तर आज निवडून आला होतात!"

"अर्ज बरोबर होता, बाई," साहेब म्हणाले. एवढंच.

हौसाबाई थोडक्या मतांनी निवडून आली, साहेब दुसरे. विजयसभेत आपल्या मळ्यातल्या झेंडूचा पहिला हार तिनं साहेबांच्या गळ्यात घातला आणि माइक हातात घेऊन म्हणाली, "साहेब बाहेरचे असून माझ्यासाठी हुबे ऱ्हायले. असा मानूस व्हनं नाय!" टाळ्या कडाडल्या. मी साहेबांकडे पाहिलं. हसत होते, पण हात बॅगेतल्या पिशवीवर गेला होता. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

पुढची पाच वर्षं हौसाबाईचे सभेतले प्रश्न साहेब सांगत आणि मी टाइप करत असे. "सदर पाइपलाइन कोठे अडली?" असं तिनं खणखणीत विचारलं की अधिकारी चाचरत. "त्या सदरला लय घाबरत्यात सगळी," असं ती बाहेर येऊन सांगायची. आमच्या गटात त्या पाच वर्षांत नळ आले, शाळेला दोन खोल्या आल्या. साहेब दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत ते बघायला जायचे.

त्या गुडघ्यांपायीच अखेर सगळं आवरून ते बायकोबरोबर केरळात, आपल्या मूळ गावी गेले. वर्षभरानं एका सकाळी फोन आला. आवाज असा की पोराला नोकरी लागली असावी.

"बाई, पडलो!"

"अहो, लागलं का कुठं?"

"तसं नाही हो. इथल्या वाचनालयाच्या कमिटीला उभा होतो. सपशेल पडलो!"

"मग त्यात एवढा आनंद कसला?"

"समोरच्यानं प्रचार काय केला माहीत आहे? म्हणे, माणूस चांगला, पण नाशिकचा आहे." साहेब पुढं म्हणाले, "आणि बाई, पिशवी बॅगेतच होती. कुणी एक कागद मागितला नाही."

मग त्यांनी विचारलं, सदर मेथी सध्या काय भाव आहे.