मेलेल्या जंतूंशी लढाई

बाकोआचा दिवस माडाच्या शेंड्यावर सुरू व्हायचा आणि तिथेच मावळायचा. सकाळ-संध्याकाळ तो झरझर वर चढे, पोयीच्या, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याच्या, टोकाची पातळ चकती सुरीनं उडवी, भरलेली करवंटी काढून रिकामी बांधी आणि गाणं म्हणत उतरे. नोनोउती बेटावर त्याच्या माडीसारखी गोड माडी कुणाची नव्हती. तान्ह्यांना पाजायला बायका ताजी, न आंबलेली माडी त्याच्याकडूनच न्यायच्या.

पाठीवरच्या बधिर चट्ट्याचं निदान महारोग झालं, तेव्हाही तो डगमगला नव्हता. वर्षभर गोळ्या घेतल्या, बरा झाला. दवाखान्यातल्या नर्सनं, रोरेतीनं, तसं सगळ्यांसमोर सांगितलं आणि लोकांनीही ते मानलं.

पुढच्या पावसाळ्यात त्याचं उजवं कोपर ठणकू लागलं. चट्टा पुन्हा लालभडक होऊन सुजला. रोग परतला, या भीतीनं त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही. लोक माडी घेणार नाहीत, बायकोलासुद्धा वेगळं बसवतील. उकाड्यातही तो लांब बाह्यांचा सदरा घालू लागला.

"लग्नाला निघालास का रे?" माएरेरे, त्याची बायको, हसून म्हणायची. "मला सोडून दुसरी बघितलीस की काय?"

"तुझ्यानंच जीव मेटाकुटीला आलाय, दुसरी कुठं बघू?" तो म्हणे आणि दुखरा हात पाठीमागे नेई.

मग दुखणं ओसरलं. तो सुटकेनं रडलासुद्धा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता थंड, परक्यासारखं झालंय, तिकडे त्यानं काणाडोळा केला.

एका संध्याकाळी माएरेरेनं खाली उतरवलेली करवंटी हातात घेतली आणि ओरडली, "बाकोआ, यात रक्त आहे!"

त्यानं हात पाहिला. करंगळी हाडापर्यंत चिरली होती. त्याला काहीच कळलं नव्हतं.

रोरेतीनं जखम शिवली, मग कोपराच्या आतली नस चाचपली. ती दोरखंडासारखी जाड लागली. "काका, कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. म्हटलं, रोग परत आला."

"रोग नव्हता हो परतला! जंतू केव्हाच मेलेत. तुमच्या अंगातले शिपाई त्या मढ्यांनाच बडवतायत. मढी त्या नसेच्या आतच पडलीत, म्हणून मार त्या नसेला बसतोय."

"त्यांना थांबवायला कुणी नाही?"

"असतं ना. लढाई संपली की अंगातच काही रसायनं तयार होतात. ती या पेशीकडून त्या पेशीकडे निरोप नेतात, बास, आता आवरा. मग शिपाई गप्प होतात, सूज उतरते. तुमच्यात तो निरोप तोकडा पडला. ह्या गोळ्या शिपायांना दामटून बसवतात. दुखत होतं तेव्हाच आला असतात तर..."

"दुखायचं थांबलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं," बाकोआ म्हणाला.

"नस मेली म्हणून थांबलं, काका."

त्यानं गोळ्या नेमानं घेतल्या. सूज उतरली, चट्टा विझला. बोटं मात्र आत वळली ती वळलीच. त्यानं सुरी मनगटाला बांधून चढून पाहिलं. अर्ध्यावर पकड सुटली आणि तो खरचटत खाली आला. माएरेरेनं सुरी सोडून घेतली. भांडली नाही, हेच त्याला जास्त लागलं.

मेहुण्याला, तिआओनला, विचारलं तर तो म्हणाला, "माझेच माड मला आवरत नाहीत, भाऊजी. तुमचे कुठून करू?"

तेव्हा माडांच्या पोयी न कापता तशाच राहिल्या. त्या उकलल्या, फुलल्या, नारळ धरले. येणारे-जाणारे म्हणू लागले, "नशीबवान आहेस, काय लगडलेत!"

माडी मागायला आता कुणी येत नव्हतं. बाकोआ माडांकडे पाठ करून बसू लागला. माएरेरे पानात मासा ठेवी आणि काटे स्वतःच काढून देई. एकदा तिनं विचारलं, "हात दुखतोय का रे?"

"नाही ना," तो म्हणाला, "दुखत नाही."