जाऊबाईंची पावडर

शर्टांच्या त्या कारखान्यात तिला सगळ्या काजवाली म्हणत. बारा वर्षं ती काजांच्या मशीनवर होती आणि तिच्या हातचं एक काज कधी वाकडं गेलं नाही. पाळी मात्र तिचं अजिबात ऐकत नसे. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, तर कधी सोळाव्या दिवशीच दारात हजर. कपाटाच्या दाराला आतून ती खडूने तारखा लिहायची. त्या तारखांचा एकमेकींशी कधी मेळच बसायचा नाही.

आल्याचा काढा झाला, दालचिनीचं पाणी झालं, कच्ची पपई खाऊन तोंडाची चव गेली. नवरा दवाखान्यात चल म्हणाला, की हिचं ठरलेलं उत्तर, "एवढ्याशासाठी काय जायचं? लोक हसतील."

शेवटी थोरल्या जाऊबाईंनी एक डबी हातावर ठेवली. कुणाचं पोट दुखो, कुणाचं डोकं, घरातले सगळे आधी जाऊबाईंकडे धावत. त्यांनाही ते आवडे.

"निव्वळ मुळ्या आणि पानं आहेत गं," त्या म्हणाल्या. "रोज एक चमचा, एकवीस दिवस. मग सात दिवस बंद. चमचा चुकवायचा नाही हं."

चमचा बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली. पुढच्या महिन्यात पुन्हा तस्सं. काजवाली हरखून गेली आणि जेवणाच्या सुट्टीत ज्याला त्याला नाही, पण जिला तिला सांगत सुटली. बघता बघता सहा जणींकडे डब्या गेल्या. त्यातली एक इस्त्रीवाली, काजवालीची जिवाभावाची मैत्रीण.

एका दुपारी कारखान्याची मोटर जळाली आणि सगळ्यांना घरी सोडलं. इस्त्रीवालीची डबी संपत आली होती, म्हणून काजवाली न कळवताच जाऊबाईंकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून पुट्, पुट् असा आवाज येत होता.

जाऊबाई स्वयंपाकघरात बसून पाकिटांतल्या गोळ्या मिक्सरच्या भांड्यात काढत होत्या. शेजारी वाळलेल्या पाल्याचा चुरा होता. रिकामी पाकिटं ढिगाने पडली होती.

काजवाली दारातच थांबली.

"जाऊबाई... हे काय?"

त्या दचकल्या, पण लगेच सावरल्या. "मला डॉक्टरांनी दिल्या होत्या गं, पाळीसाठीच. तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून आणते. मला गुण आला. गोळी म्हटलं की तुम्ही घाबरता, पावडर म्हटलं की मुकाट्याने घेता. तुला फरक पडला ना?"

"पडला."

"मग झालं तर!"

काजवालीला मात्र एकाएकी इस्त्रीवालीची पोटरी आठवली. चार दिवस ती म्हणत होती, डावी पोटरी सुजलीय, गरम लागतेय. "दिवसभर उभी असतेस, दुसरं काय होणार!" असं म्हणून हिनेच तिला हसण्यावारी नेलं होतं. का आठवलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने एक रिकामं पाकीट उचललं आणि धावत सुटली.

इस्त्रीवाली घरी पाय उशीवर ठेवून बसली होती. "अगं, झालंय काय तुला? भूत पाहिल्यासारखी पांढरी पडलीयेस!"

"बोलू नकोस. चल आधी."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाकीट पाहिलं, पोटरी पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तपासणी झाली. पायाच्या शिरेत गुठळी होती. "या हार्मोनच्या गोळ्या आहेत, यांनी काही जणींना असं होतं. म्हणून देण्याआधी आम्ही दहा प्रश्न विचारतो. ही गुठळी वर फुप्फुसात गेली असती तर?"

काजवाली बाहेरच्या बाकावर येऊन बसली. डबी तिनेच दिली होती, आपल्या हाताने.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने उरलेल्या पाच जणींना सगळं सांगितलं. मग एक जण हळूच म्हणाली, "पण माझी तर वेळेवर येत होती!" कुणालाच हसू आलं नाही. संध्याकाळी सगळ्या मिळून दवाखान्यात गेल्या.

काजवालीच्या रक्तात थायरॉइडचा दोष निघाला. कितीतरी वर्षांचा असावा. "काढा प्या, पोट शेका, दुखणं हलकं होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोप, चालणं, वेळेवर जेवण हवंच. तारखा लिहिता ते तर फारच चांगलं. पण पाळी का चुकते ते आधी शोधायला हवं. त्या पावडरीने ते नुसतं झाकून ठेवलं होतं."

इस्त्रीवाली दीड महिन्याने कामावर आली. गुठळीची औषधं अजून चालू आहेत, आणि इस्त्री ती स्टुलावर बसून करते. जाऊबाई एकदा तिला भेटायला गेल्या, दारातच रडल्या. इस्त्रीवालीने त्यांना आत बोलावलं.

काजवालीला ते अजून जमलेलं नाही. ती जाऊबाईंकडे जाते, बोलते, भांडण असं काही नाही. त्यांनी पुढे केलेला चहा मात्र तसाच कपात ठेवून येते.