बोंबलांच्या वाऱ्यावर विकलेलं घर

घर विकायचं ठरवलं तेव्हा माझी एकच अट होती. ते कुणालाही गेलं तरी चालेल, मोठ्या दिरांना जाता कामा नये.

बोर्डीला आमची दोन घरं एकाच आवारात होती. पुढे रस्त्याला लागून दिरांचं, मागे समुद्राच्या बाजूला आमचं. वाटण्या झाल्या तेव्हा मागची जागा माझ्या नवऱ्याच्या वाट्याला आली आणि त्या भोळ्या माणसाने ती हसत घेतली. रस्त्यावर यायचं तर दिरांच्या भिंतीला लागून असलेल्या वाटेनेच यायचं. कागदावर वाट दोघांची होती. पण दिरांनी तिच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं, त्याला कुलूप घातलं, आणि चिकू उतरायला लागले की क्रेट रचायला त्यांना नेमकी तीच वाट सापडायची. माझ्या नवऱ्याने समजावून सांगितलं, भांडून सांगितलं. शेवटी एकदा त्याने सख्ख्या भावाचे पाय धरले. मी खिडकीतून पाहत होते. तेव्हा जी तिडीक डोक्यात गेली ती आजही उतरलेली नाही, आणि उतरावी असं मला वाटतही नाही.

पुढे एका हिवाळ्यात, भरदुपारी, नवऱ्याच्या छातीत कळ आली. रिक्षा गेटपाशी येऊन थांबली आणि पुढे क्रेटच क्रेट. शेजारच्या वाडीतल्या गड्यांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची क्रेटांवरून उचलून रस्त्यावर नेली. डहाणूच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंत्ययात्रेत सगळ्यांत मोठ्याने कोण रडलं हे सांगायला नको.

वर्षश्राद्धाचं ताट उचललं जातंय तोच दिरांनी विषय काढला. "घर बाहेर जायला नको. आपल्यातच राहू दे. तू एकटी बाई, मुलगी सासरी, कशाला हवाय तुला एवढा पसारा?" जाऊबाई शेजारी बसून मान हलवत होत्या. मी म्हटलं, "बघू." त्या दोन अक्षरांत मी त्यांना किती शिव्या दिल्या ते माझं मला ठाऊक.

मी तेव्हा झरीच्या शाळेत शिकवत होते. सकाळच्या बसने तलासरी, तिथून पुढे झरी. तलासरीलाच एखादी जागा बघावी, घर विकून टाकावं आणि या दोन थोबाडांचं दर्शन कायमचं बंद करावं, एवढंच माझं स्वप्न होतं. २०१७ च्या दिवाळीनंतर मी एक दलाल गाठला.

दलाल होता तोंडाने गोड. घर बघून तो म्हणाला, "मॅडम, घर एक नंबर आहे, पण गिऱ्हाइकाला ते दिसलं पाहिजे." मग त्याने मला कामाला लावलं. भिंतींना रंग दिला, पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळा, म्हणजे फोटो चांगले येतात म्हणे. न्हाणीघरातल्या फरशा घासून घासून माझी नखं गेली. माळ्यावरची भंगार भांडी, मोडका पाळणा, नवऱ्याच्या जुन्या चपला, सगळं काढलं. "आणि मॅडम, साहेबांचा हाराचा फोटो तेवढा आत ठेवा. गिऱ्हाईक बिचकतं." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण फोटो काढला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. विकायचंच होतं ना मला.

पहिलं गिऱ्हाईक आलं वापीहून. नवरा, बायको आणि बायकोची आई. सुट्टीला येऊन राहायला समुद्राजवळ घर हवं होतं. दिरांनी स्वतः गेट उघडलं. "या, या," म्हणाले, जसं काही घर त्यांचंच विकायला काढलंय. मंडळी वाटेने आत आली आणि जागच्या जागी थबकली. आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाच्या तारेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोंबील लटकत होते. जोडी जोडी करून, एकमेकांच्या जबड्यांत अडकवलेले, अजून ओले, गळणारे. वारा समुद्रावरून येत होता आणि वास थेट माझ्या नव्या पिवळसर दिवाणखान्यात.

आजीने पदर नाकाला लावला. त्यांच्यातला नवरा भला माणूस असावा. तो म्हणाला, "घर तो सारुं छे, पण..." घर चांगलं आहे म्हणाला, पण त्या "पण"च्या पुढे तो गेलाच नाही. ते शाकाहारी होते. नाक दाबून धरलेला माणूस घराच्या खिडक्या कुठून मोजणार?

जाऊबाई कट्ट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, "आजच बरे बोंबील सुकायला घातलेत?"

"मग काय पावसात घालू?" त्या म्हणाल्या.

मी स्वतः बोंबील खाणारी. किनाऱ्यावर जन्म गेलेल्या बाईने बोंबलाच्या वासाची तक्रार कुठल्या तोंडाने करायची? जाऊबाईंनी शस्त्रच असं निवडलं होतं की मला हू की चू करता येऊ नये. एरवी दोन माणसांच्या घराला लागतात किती बोंबील? पण गिऱ्हाईक येणार असलं की दिरांकडे सकाळीच टोपली यायची. गेटची किल्ली त्यांच्याकडे, म्हणजे कोण येणार, कधी येणार, हे त्यांना सांगावंच लागायचं. मुंबईचं एक जोडपं आलं, बोंबील. सुरतचा एक व्यापारी आला, बोंबील आणि जोडीला बारीक कोळंबीचा जवळा, खाली चादरीवर पसरलेला. त्या व्यापाऱ्याला दिरांनी वर आपुलकीने सांगितलं, "वाटेचं मात्र आधीच बोलून घ्या हां. नंतर वाद नकोत." तो गाडीत बसला तो परत फिरकला नाही.

दलालही फोन उचलेनासा झाला. दीर अंगणात फेऱ्या मारताना माझ्याकडे बघून हसायचे. म्हणायचे, "अजून विचार कर. घरचं घरात राहील." मला रात्री झोप यायची नाही. हे घर हा माणूस घेणार, माझ्या नवऱ्याच्या जागेवर परगावी असलेल्या आपल्या मुलाचा संसार मांडणार, नाहीतर मी उतरत्या वयात त्यांच्याच मेहरबानीवर गेट उघडायला सांगत बसणार.

आमच्या सकाळच्या बसला एक सुकटवाली असायची. झाई गावची बाई, माझ्याच वयाची, आवाज फाटका. सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची. तिच्याशी माझं कधी पटलं नव्हतं. टोपली पायाशी ठेवायची की मागे, यावरून आमचं बसमध्ये वाजलेलं होतं. त्या दिवशी ती कंडक्टरशी तावातावाने बोलत होती. किनाऱ्यावर जिथे त्यांच्या मासळी वाळवायच्या बांबूच्या काठ्या होत्या तिथे आता फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या लागत होत्या. वाळत घातलेल्या मासळीवर धूळ उडते, पोरं फोटो काढायला बोंबील ओढतात. "मना जागा हवी, आणि वारा हवा," ती म्हणत होती. "बाकी काय नको."

मी जागेवरून उठले आणि तिच्या टोपलीशेजारी जाऊन बसले. ती माझ्याकडे संशयाने बघायला लागली, भांडायलाच आले असेन असं तिला वाटलं असणार.

"माझं घर विकायचंय," मी म्हटलं.

ती रविवारी आली, मुलाला आणि सुनेला घेऊन. मी आदल्या दिवशी उजाडताच दिरांना मुद्दाम सांगून ठेवलं, की उद्या मोठं गिऱ्हाईक येणार आहे. त्यांनी कसूर केली नाही. तार भरून बोंबील, शिवाय माझ्या पायरीपर्यंत आणलेली दोरी, तीही भरलेली. सुकटवाली वाटेने आली, घराकडे तिने पाहिलंही नाही. सरळ तारेपाशी गेली. एक बोंबील उतरवला, दुमडून पाहिला, वास घेतला.

"कधी घातले?"

जाऊबाई कट्ट्यावरून म्हणाल्या, "काल सकाळी." आवाजात केवढा तोरा!

"काल?" ती सुनेकडे वळली. "बघ गो, एका दिवसात एवढे सुकले. काय वारा हाय!"

दिरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी तो बघितला, अगदी पोटभर. आयुष्यात इतकं सुख मला क्वचितच मिळालं असेल. रंग, फरशा, दलालाची गोड जीभ, कशाने जे झालं नाही ते माझ्या जावेने केलं होतं. आत येऊन सुकटवालीने फक्त माळा किती कोरडा आहे ते पाहिलं, आणि म्हणाली, "घेतला." वाटेबद्दल मी तिला सगळं खरं सांगितलं, गेट, कुलूप, क्रेट. ती म्हणाली, "बघू त्याचा."

खरेदीखत झालं त्या दिवशी मी डहाणूहून पेढे आणले आणि दिरांच्या हातावर ठेवले. "बाहेर गेलं हो घर," मी म्हटलं. "आता रोज बोंबील. बारा महिने." त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला. मी तलासरीला आले ती मनातल्या मनात गाणं म्हणत आले. रोज सकाळी चहा पिताना मी कल्पना करायचे, की आत्ता त्यांच्या खिडकीत वास शिरला असेल, आत्ता गेटवरून जुंपली असेल, आत्ता जाऊबाई कपाळ बडवून घेत असतील. चहा फार गोड लागायचा.

आगोटीचे दिवस आले. पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी भरून ठेवायला झरीपासूनची माणसं तलासरीच्या बाजारात उतरली होती. गर्दीत मला ती फाटक्या आवाजाची हाक ऐकू आली. तिच्यापुढे टोपल्यांची रांग होती. तिने मला बाजूला बसवून घेतलं. मी अधीर होऊन विचारलं, "काय म्हणतात शेजारी?"

"बेस हायत गो," ती म्हणाली. "तुजी जाऊ तर माज्या बरोबरच असते. बोंबील अडकवायला तिचा हात चालतो, मी तिना मजुरी देते. दुपारी दोघी एकत्रच जेवतो. हसवते किती!"

"आणि गेट?"

"गेट? तो काढला त्याने. माजा टेंपो आत यायला नाय, तर मी म्हटला, दादा, वाट मोकळी पायजे. दुसऱ्या दिवशी स्वतः उभा राहून काढून टाकला. आता त्याचे चिकू पण माज्याच टेंपोतून जातात."

माझ्या नवऱ्याने ज्या वाटेसाठी पाय धरले होते ती एका परक्या बाईने उभ्या उभ्या मागितली आणि तिला मिळाली. म्हणजे त्या माणसाला वाट मोकळी करता येत होती. फक्त आमच्यासाठी करायची नव्हती. इतका संताप आला, की ती समोरची टोपली लाथेने उडवावीशी वाटली.

तिने एका गिऱ्हाइकाला बोंबील बांधून दिले, हात पुसले आणि अगदी मनापासून मला विचारलं, "एवढी चांगली माणसं, मग तू घर का गो विकलास?"

मी म्हटलं, "बसचा फार त्रास व्हायचा."