पेल्यातला सहा ठिपक्यांचा गडी

बोरिवलीचं जंगल मला अगदी पाठ आहे. म्हणजे गेटापासून कुल्फीच्या गाडीपर्यंत. पुढे मी कधी गेलोच नव्हतो.

पण त्या खेपेला घाटकोपरहून ताईकडे राहायला आलो, तर भाची सुमी म्हणाली, "मामा, जंगलात येतोस? भुंगा शोधायचाय." कसला भुंगा, तर अंगठ्याएवढा, काळा, पाठीवर सहा पांढरे ठिपके. उडत नाही, जमिनीवर पळत किडेमुंग्या खातो. तो जिवंत सापडला तर कॉलेजात सुमीला त्याच्यावर काम मिळणार, नाहीतर सगळ्यांसारखं झुरळ. झुरळाचं नाव काढलं की पोरीचा चेहरा पडायचा.

"गुळगुळीत पेला पाहिजे," ती म्हणाली. "तोंडापर्यंत जमिनीत पुरायचा. पळता पळता आत पडला की त्याला वर चढता येत नाही."

मी गुपचूप ताईच्या फळीवरचा स्टीलचा पेला उचलला. भाऊबीजेला मीच दिलेला, वर माझंच नाव कोरलेलं.

संध्याकाळी गेलो. कुल्फी मागे राहिली. इमारतींच्या गॅलरीत वाळणारे कपडेपण मागे राहिले. पुढे नुसती झाडं नि पायाखाली पाचोळा. सुमीकडे परवानगी होती, तरी गार्डानं हटकलंच.

"काय पुरताय?"

"पेला."

"घरी माहितीये?"

"नाही."

"मग खोल पुरा."

सकाळी पुन्हा जंगलात निघालो. वाटेत ताईनं दिलेले घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) खाल्ले, सुमीच्या वाटणीचेही. बघतो तर पेल्यात गडी बसलेला! सहा ठिपके, मिशा हलवतोय, जसा काय भाडेकरू.

"लांबून बघ मामा, तो पिचकारी मारतो," असं सुमी म्हणेपर्यंत माझं नाक पेल्यात होतं. अशी आग झाली की मी बोंबललो, पेला उडाला, भुंगा पाचोळ्यात पसार. वाट लागली! माझ्या नाकापायी पोरीच्या नशिबी झुरळ आलं. पण सुमी भारी. पालथी पडली नि डब्याचं झाकण टाकून तिनं त्याला धरला. माझं नाक धुतलं ते नंतर.

येताना बरणीत भुंगा, हातात पेला नि नाक टोमॅटोसारखं. तरी झकास वाटत होतं. थोडे दिवस बघून सुमी त्याला होता तिथंच सोडणार होती. इतकी वर्षं ताईकडे येतोय, पण तिच्या गॅलरीसमोर असला रुबाबदार शेजारी राहतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

ताई दारातच उभी. तिनं पेला बघितला, नाक बघितलं, सुमीकडून सगळं ऐकून घेतलं.

"शहाणा आहे भुंगा," ती म्हणाली. "तुला लांब ठेवायचं हे त्याला एका भेटीत कळलं, बबन्या. माझा जन्म गेला."